डोंगरावरचा ओटा

४ ऑक्टोबर, शारजा

धनंजयने आज जेवताना जाहीर केलं की डोंगरावरच्या जागेचा करार झाला. मी आमटी वाढत होते, ती वाढत राहिले.

(तोंडावर मी त्याला ‘अहो’ म्हणते. इथे धनंजय लिहिते. शाई वाचते.)

कंपनीने याला निवृत्त करून भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेव्हापासून याच्या डोक्यात हेच. रास अल खैमाच्या डोंगरात, तेराशे मीटर उंचीवर, जिथे लोक गाड्या थांबवून फोटो काढतात त्या वळणावर छोटंसं उपाहारगृह. मिसळ, बटाटेवडा, चहा.

“दुर्बिणी घेऊन लोक येतात तिथे,” तो म्हणाला.

“दुर्बीण घेऊन येणारा मिसळ मागतो, हे कुठे लिहिलंय?”

“मागेल गं. वास लांबपर्यंत जातो.”

पुढे वाद नको म्हणून स्पष्ट लिहून ठेवते. माझं तिकीट पाच डिसेंबरचं आहे. सांगलीचा फ्लॅट तयार आहे. शेजारच्या फ्लॅटमध्ये माझी धाकटी बहीण सुजाता आहे. अर्धं आयुष्य शारजात घाम पुसण्यात गेलं, आता मला माझ्या गावात माझ्या भाषेत भाजी घ्यायची आहे. धनंजयला सांगून झालंय : तुम्ही तुमचा डोंगर करा, कंटाळा आला की या. तो एकदाच म्हणाला होता, “राहिली असतीस तर बरं झालं असतं.” मी नाही म्हटलं. एकच गोष्ट दोनदा मागणाऱ्यातला तो नाही. विषय संपला.

फक्त ओटा मी निवडून देणार आहे. सांगलीच्या न्हाणीघरातल्या लाद्या त्याने निवडल्या होत्या. त्या ओल्या झाल्या की त्यांच्यावर माणूस उभा राहू शकत नाही, फक्त प्रवास करू शकतो.

७ ऑक्टोबर

हमदुल्लाच्या दगडाच्या कारखान्यात गेलो. हा पेशावरकडचा पठाण, धनंजयचा जुना दोस्त. मला बाजी, म्हणजे ताई, म्हणतो आणि माझं काही ऐकत नाही.

जागा देणाऱ्या कंपनीच्या नकाशात ओटा क्वार्ट्झचाच हवा, असं छापलंय. रंग आणि चकाकी आपण ठरवायची. हमदुल्लाने पांढरा, राखाडी आणि काळा असे तीन तुकडे मांडले.

“बाजी, ये पत्थर आपकी पोती की पोती घिसेगी. कुछ नहीं होगा.”

“हा दगड नाही. दगडाचा चुरा आहे, राळेत घट्ट बसवलेला. चुऱ्याला उन्हाचं काही होत नाही. राळ पिवळी पडते. आणि डोंगरावर ऊन जास्त कडक असतं, हवा विरळ असल्यामुळे. तिथे ओट्यासमोर भिंतभर खिडकी आहे.”

हमदुल्ला धनंजयकडे बघून म्हणाला, “साहब, भाभी को दुकान पे बिठा लो.”

“तिचं तिकीट काढलेलं आहे,” धनंजय म्हणाला. मराठीतच म्हणाला, तरी हमदुल्लाला कळलं. दोघंही उगाचच पांढऱ्या तुकड्यावर हात फिरवत उभे राहिले.

मी सांगलीला रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि इथल्या शाळेची प्रयोगशाळा निवृत्त होईपर्यंत सांभाळली. पुठ्ठ्यावर छापलेल्या ‘आजीवन हमी’वर मी ओटा घेत नाही. प्रयोग होईल. तोही जागेवर. शारजाच्या दमट गच्चीवर केलेला प्रयोग डोंगराला लागू होत नाही.

धनंजय म्हणाला, “किती दिवस लागतील?”

“निकाल लागेपर्यंत.”

एवढ्यावर त्याला इतका आनंद का झाला कळलं नाही. परतताना रोल्लाच्या बाजारात गाडी थांबवून त्याने मला गजरा घेऊन दिला. मोगरा शिळा होता.

११ ऑक्टोबर, डोंगर

प्रयोग मांडला. तिन्ही तुकडे दक्षिणेच्या कट्ट्यावर, उन्हात. प्रत्येकाच्या पाठीवर पेन्सिलने आकडा. प्रत्येकावर हळदीचा, कोकमाचा आणि तेलाचा डाग. अर्धा तुकडा उघडा, अर्धा चंदेरी फॉइलखाली, कडा दुमडून. हळद अर्थात सांगलीची. सुजाता दरवर्षी पाठवते, मी दुसरी घरात येऊ देत नाही.

काय व्हायला हवं ते आधीच लिहिते. हळदीच्या डागाला ऊन हाच साबण. पांढऱ्या साडीवर आमटी सांडली की आपण ती उन्हात टाकतो, तेच. म्हणून उघड्या अर्ध्यावरची हळद उडेल, झाकलेल्यावरची राहील. राळ पिवळी पडायला मात्र वेळ लागेल.

जागा ठीक आहे. हवा कोरडी, ओला रुमाल नळापासून दोरीपर्यंत नेईतो वाळतो. पाणी इथे पुरतं तापायच्या आतच उकळतं. धनंजयने उघड्या पातेल्यात बटाटे लावले होते, ते दुपारपर्यंत माझ्याकडे कच्चे बघत होते. “कुकर आणा,” मी म्हटलं. “उंचीवर दाब कमी असतो.”

“हे मला कोण सांगणार होतं?”

“मी सांगितलं ना आत्ता.”

“हो, पण डिसेंबरनंतर?”

मी बटाट्यांत काटा घालून बघत होते.

शाल न्यायला विसरले. संध्याकाळी गारठा पडला. पुढच्या वेळी सांगलीच्या बॅगेतली काढून नेईन.

१८ ऑक्टोबर, डोंगर

निरीक्षण चक्रावणारं आहे. झाकलेल्या भागावरची हळद पार गेली. उघड्या भागावरची जशीच्या तशी, ठळक. कोकम आणि तेल दोन्हीकडे सारखंच. तिन्ही तुकड्यांचं हेच.

सूर्य फॉइलच्या आतून उगवत असेल तरच हे शक्य आहे.

“कुणी फॉइल काढून दुसऱ्या अर्ध्यावर लावलं असेल का?” मी विचारलं.

“वारा असेल,” धनंजय म्हणाला.

“वारा कडा दुमडतो?”

“डोंगरातला वारा वेगळा असतो गं.”

मी वळणावर थांबणाऱ्या पर्यटकांवर संशय ठेवला आहे. माणसाला चकाकणारं काही दिसलं की हात लावल्याशिवाय राहवत नाही. काल मोजमापासाठी धनंजय वर आला होता. त्याला विचारलं, तेव्हा फॉइल जागेवर होतं का? म्हणाला, “अगदी जागेवर.” म्हणजे चाळा आज सकाळीच झाला.

डाग पुन्हा लावले. प्रयोग पुन्हा सुरू.

गुडघे आज दुखले नाहीत. कोरड्या हवेचा परिणाम, बाकी काही नाही.

२२ ऑक्टोबर, शारजा

सुजाताचा फोन.

“ताई, गॅसचा नंबर लावून ठेवू का? आणि कामवाली डिसेंबरपासून सांगू?”

“सांग. थांब. ओट्याचं ठरू दे.”

“कुठला ओटा? आपल्याकडे आहे की ग्रॅनाइटचा!”

“तो नाही गं, डोंगरावरचा.”

“तू तिथे राहणार नाहीस ना?”

“नाही.”

“मग तुला काय करायचंय?”

सुजाताला विज्ञान कधीच जमलं नाही. अर्धवट प्रयोग टाकून जाणं म्हणजे काय, हे तिला समजावण्यात फोनचे पैसे घालवले नाहीत.

२५ ऑक्टोबर, डोंगर

तिन्ही तुकडे स्वच्छ. हळद नाही, कोकम नाही, तेल नाही. फॉइलखालीसुद्धा लख्ख. पाठीवर माझे आकडेही नाहीत.

“पाऊस पडला असेल,” धनंजय.

“इथे दवसुद्धा नाही.”

“मग बकऱ्यांनी चाटलं असेल. फिरतात ना इथे.”

“कोकमासकट?”

“आंबट आवडतं त्यांना.”

“आणि पाठीवरची पेन्सिल?”

“बकरी एकदा चाटायला लागली की ती पुढचं-मागचं बघत नाही, मृणाल.”

मला हे पटलं नाही. पण तेवढ्यात एक बकरी खरोखरच आली आणि तिने माझ्या पिशवीतून पत्रावळ्यांचा गठ्ठा ओढून खाल्ला. शक्यता नाकारता येत नाही, एवढं लिहिते.

धनंजयची बोटं पिवळी दिसली. “मिसळीचा मसाला करून बघत होतो,” म्हणाला. चव घेतली. मीठ नव्हतं, तिखट नव्हतं, दालचिनी होती. हा माणूस दालचिनी घालून मिसळ विकणार आणि लोक ती मराठी समजून खाणार. रस्सा मी करून दाखवला. उपाहारगृह अजून उघडलं नव्हतं, तरी तीन जर्मन वासाने आले होते. दोघं रडले, तरी परत वाढून घेतलं.

प्रयोग पुन्हा. या वेळी वर लोखंडी जाळी, जाळीवर दगड.

शाल, खलबत्ता आणि माझी उंच पाठीची खुर्ची डोंगरावरच ठेवली. दर शनिवारी खाली-वर कोण करणार? सांगलीची बॅग त्या मानाने हलकी झाली, हे बरंच झालं.

२९ ऑक्टोबर, शारजा

कारखान्यात फोन केला. जादा नमुने हवे होते, म्हणजे एक संच घरी अंधारात ठेवता येईल, तुलनेला.

“बाजी, सॅम्पल खलास. सब साहब ले गए.”

“कोणते साहेब?”

पलीकडे तो खोकला. मग, “बाजी, मशीन चालू है, आवाज नहीं आ रही, यल्ला, चलो, बाद में,” आणि फोन बंद. मशीनचा आवाज मला तरी येत नव्हता.

दुसऱ्या कोणाचं तरी मोठं काम मिळालेलं दिसतं. आम्ही मात्र रांगेत.

१ नोव्हेंबर, डोंगर

जाळी जागेवर. दगड जागेवर. राखाडी तुकडा मधोमध दोन भाग.

धनंजय म्हणाला, “तापमानाचा फरक. दिवसा ऊन, रात्री गारठा. तूच म्हणाली होतीस.”

हे मी म्हटलं होतं, ही गोष्ट खरी. पण कापलेली कड इतकी सरळ होती की फूटपट्टी लावून बघितली. हवामान सहसा इतकं सरळ तुटत नाही. तरीही राखाडीबद्दल मनात शंका बसली. राखाडी मला आवडला होता. चमक नाही, उन्हात डोळे दिपत नाहीत आणि मिठाचा कण पडला तरी दिसतो.

तीन आठवड्यांत एकही ग्राह्य निरीक्षण नाही. शाळेत असं झालं असतं तर मी मुलांना सबंध महिना उभं केलं असतं.

पाच डिसेंबर आता जमणार नाही. तिकीट पुढे ढकललं, वीस डिसेंबर. धनंजयला सांगितलं. तो म्हणाला, “अरेरे,” आणि शीळ घालत भांडी घासायला गेला. लग्नापासून आजवर त्याने भांडी घासताना शीळ घातलेली नाही. खरं म्हणजे भांडीही घासलेली नाहीत.

८ नोव्हेंबर, डोंगर

मिहिकाला सोबत आणलं. ही माझी मुलगी दुबईत नोकरी करते, मी मराठीत बोलते आणि ती इंग्रजीत उत्तर देते. धनंजयने कुठूनतरी आणलेल्या नव्या राखाडी तुकड्याची हळद पुन्हा उलटी निघाली. उघड्या भागावर ठसठशीत, झाकलेल्यावर फिकी. मी तिला सगळी निरीक्षणं वाचून दाखवली. ती हसायला लागली.

“यात हसण्यासारखं काय आहे?”

“नथिंग. आई, यू टू आर सो ऑब्व्हियस.”

“काय ऑब्व्हियस?”

“नथिंग! बाबा, चहा!”

धनंजय चहा घेऊन आला आणि त्याने तिच्याकडे डोळे वटारून बघितलं. तिने ओठांवर कुलूप लावल्याची खूण केली. बापलेकीचं काहीतरी चाललं आहे. बहुधा माझ्या वाढदिवसाचं. मला सोन्यात रस नाही, हे मी दोघांना वेळोवेळी सांगितलं आहे.

मिहिकाने दाराशी कढीपत्त्याची कुंडी बघितली. “ही कुणी आणली?”

“मी. मिसळीला ताजा लागतो.”

“पण यू आर लीव्हिंग, राइट?”

“वीस डिसेंबरला.”

“शुअर,” ती म्हणाली. या पोरीचा ‘शुअर’ मला कधीही आवडला नाही.

१५ नोव्हेंबर, डोंगर

आज सविस्तर लिहायचं आहे, आणि सावकाश.

तुकड्यांवर हळद दोन्हीकडे ताजी, गोल, टपोरी. आठवडाभराच्या उन्हानंतर. मी वाकून बघितलं. मग चष्मा लावून बघितलं. मग बोटाने घासून वास घेतला.

ही सांगलीची हळद नव्हे.

सांगलीची हळद केशरीकडे झुकते. तिला मातीचा गरम वास असतो. तो आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून आहे. वडील हळदीच्या पेठेत कारकून होते. ही लिंबाच्या सालीसारखी पिवळी, वास जवळजवळ नाहीच. रोल्लाच्या दुकानातलं पाकीट. शिवाय माझे डाग अंगठ्याने ओढलेले असतात. हे झाकणाने छापल्यासारखे गोल.

म्हणजे कुणीतरी माझे तुकडे उचलून नवे ठेवले, त्यांच्यावर दुकानातली हळद लावली, फॉइलच्या कडा माझ्यासारख्या दुमडल्या, जाळी ठेवली आणि वर दगड रचले. बकरी यातलं पहिलंसुद्धा करत नाही.

मग सगळं एकापाठोपाठ आलं. दर शुक्रवारी मोजमापाला जाणारा माणूस. पिवळी बोटं. ‘सब साहब ले गए.’ कटरने कापलेला राखाडी. शीळ.

मी खुर्चीवर बसले. खाली दरीत ऊन सरकत होतं. आत धनंजय जर्मन पाहुण्यांना हातवारे करून सांगत होता की पाव रश्शात बुडवायचा असतो. या माणसाला आजवर उकडलेलं अंडं धडपणे सोलता आलेलं नाही. आणि याने पाच आठवडे, एका पदवीधर बाईच्या नाकाखाली, तीन रंगांच्या फरशांची फिरवाफिरव केली. का, तर निकाल लागू नये म्हणून. निकाल लागला की मी जाणार म्हणून.

एवढं सगळं करण्यापेक्षा दुसऱ्यांदा विचारलं असतं तर?

पण दुसऱ्यांदाही मी नाहीच म्हटलं असतं, हे त्याला माहीत आहे. मलाही आहे.

राग येईल म्हणून वाट बघितली. आला नाही. उलट हसू यायला लागलं, तेव्हा बकरीला हाकलायला म्हणून कट्ट्यामागे गेले. बकरी तिथे नव्हती.

मी कुणाला काही बोलले नाही. निरीक्षणाच्या रकान्यात लिहिलं : ‘अनाकलनीय.’ धनंजयने खांद्यावरून वाचलं आणि उसासा टाकला. उसासा मात्र चांगला जमला होता.

२० नोव्हेंबर, शारजा

हमदुल्लाकडे मी एकटी गेले. मला दारात बघून तो उठला आणि पुन्हा बसला.

“भाईजान, आतापर्यंत साहेबांनी किती तुकडे नेले?”

“बाजी, अल्ला कसम, मैंने मना किया था.” मग त्याला हसू आवरेना. “साहब बोले, दोस्त है तो पत्थर दे, नसीहत मत दे.”

“साहेबांना सांगायचं नाही, मी आले होते म्हणून.”

“अब आपकी तरफ से भी चुप रहूँ?”

“हो.”

“ये कैसा घर है, बाजी!”

राखाडी, बिनचकाकीचा, सांगून टाकला. ऊन कुठल्याही क्वार्ट्झला शेवटी सोडत नाही, पण पांढऱ्यावर पिवळेपणा आधी दिसतो, काळा उन्हात तव्यासारखा तापतो आणि त्याच्यावर फिकटलेला पट्टा लांबून ओळखू येतो. राखाडीवर दोन्ही लपतं. खिडकीच्या काचेला ऊन गाळणारी फिल्म. कढई थेट ओट्यावर ठेवायची नाही, खाली लाकडी पाट. कोरड्या हवेत लाकडाची कपाटं आकसतात, म्हणून जोडाशी जागा सोडायची.

हे सगळं मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. प्रयोगाची गरज नव्हती, हे इथे फक्त वहीत लिहिते.

“ऊंचाई?” हमदुल्लाने विचारलं. “साहब लंबे हैं. उनके हिसाब से?”

मी उभी राहिले, हात कोपरात वाकवला आणि म्हटलं, “इथून चार बोटं खाली.”

त्याने टेप लावला, आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. पठाणाच्या मिशीखाली काय चाललं होतं ते मी बघितलं नाही असं दाखवलं.

२९ नोव्हेंबर, डोंगर

ओटा बसला. धनंजय त्याच्यासमोर उभा राहिला, सुरी घेतली, कांदा ठेवला आणि कमरेत दुमडला.

“मृणाल, हा फार खाली झाला गं.”

“नियमाप्रमाणे आहे.”

“कुठल्या नियमाप्रमाणे? मला इथे उभं राहून काम करता येणार नाही.”

“मग तुम्ही गल्ल्यावर बसा.”

“आणि ओट्याशी कोण उभं राहणार?”

मी ओटा पुसत होते. त्याच्यावर परंपरेप्रमाणे कुंकवाचं स्वस्तिक काढायचं नाही, डाग जात नाही, म्हणून तांदळाचं काढलं. मग म्हटलं, “एक अडचण आहे. तुकड्यांचे प्रयोग सगळे वाया गेले. कारण काहीही असो. आता हा ओटा हाच नमुना. उन्हाचा खरा परिणाम बघायचा तर सगळे ऋतू जायला हवेत. उन्हाळा, वाळूची वादळं, थंडी, सगळं. निदान वर्षभर. रोज निरीक्षण.”

धनंजय कांद्यासारखा स्तब्ध.

“रोज?” तो म्हणाला. “कोण करणार?”

“रसायनशास्त्राची पदवी तुमच्याकडे आहे का?”

“नाही.”

“मिहिकाकडे?”

“नाही.”

“बकरीकडे?”

बकरीचं नाव निघाल्यावर तो सावध झाला. मी पिशवीतून छोटा डबा काढला आणि त्याच्या हातात दिला. त्याने झाकण उघडलं. केशरी हळद, सुजाताने पाठवलेली. त्याने वास घेतला. मग माझ्याकडे बघितलं. मग पुन्हा डब्यात.

“पुढच्या वेळी,” मी म्हटलं, “ही वापरा.”

त्याने झाकण लावलं. नंतर डबा ओट्यावर ठेवला, आणि ठेवायच्या आधी खाली पाट सरकवला. डबा गरम नव्हता, तरीही.

“मृणाल, राहशील का?” त्याने विचारलं.

ही दुसरी वेळ.

“तुम्ही आधी कांदा चिरा,” मी म्हटलं. “वाकून.”

सुजाताला फोन केला. गॅसचा नंबर लावू नकोस, कामवालीला सांगू नकोस, ओट्यावर वर्षभर नजर ठेवावी लागणार आहे. ती म्हणाली, “ओट्यावर?” मी म्हटलं, “ओट्यावर.” ती म्हणाली, “बरं ताई, हळद किती पाठवू?”

१ डिसेंबर, डोंगर

निरीक्षण पहिलं. ओटा, खिडकीकडची बाजू : बदल नाही. भिंतीकडची बाजू : बदल नाही. दुधाचं गरम पातेलं थेट ठेवणारा एक इसम सकाळी रंगेहाथ सापडला. त्याला चहा उशिरा देण्यात आला.

निरीक्षण चालू.